डोंगर कोणाचा, परवाना कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



महागाई आणि बेकारी आ वासून उभी असताना हा निवृत्त प्राध्यापक डोंगरावर फिरायला जाण्याच्या परवान्यावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. म्हणून आधी डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगतो. सह्याद्रीतील एका वनक्षेत्राच्या नाक्यावर एसटीने आलेले एक कुटुंब उभे होते. नवरा-बायको, दोन मुले, हातात भाकरीचे फडके. त्या दिवशीची नोंदणी इंटरनेटवर आधीच पुरी झाली होती आणि अशी नोंदणी असते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. मागून आलेल्या मोटारी मोबाईल दाखवून आत जात होत्या. रखवालदार उद्धट वागला नाही. त्याने नियम पाळला. ते कुटुंब मुकाट्याने परतीच्या एसटीची वाट पाहत बसले. अन्याय करायला दुष्ट माणूसच लागतो असे नाही, नियम पुरतो.

यावर आपली पहिली प्रतिक्रिया 'परवाना रद्द करा' अशी होईल. मला ती मान्य नाही. साताऱ्याजवळचे कास पठार घ्या. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर आणि त्यावर काही आठवड्यांचा फुलोरा. हजारो पावले पडली की तो थर टिकत नाही. तेथे दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली गेली, ती अनाठायी नव्हती. जे तुडवून नष्ट होते, ते श्रीमंताचेही राहत नाही आणि गरिबाचेही राहत नाही.

तेव्हा मर्यादा असावी की नसावी हा वाद नाही. मर्यादित वस्तूचे वाटप कोणत्या तत्त्वाने करावे, हा आहे. अर्थशास्त्रात त्याचे तीन मार्ग आहेत: किंमत, रांग आणि सोडत. किंमत पैसेवाल्याला झुकते माप देते. रांग मोकळा वेळ असणाऱ्याला देते. तीच रांग इंटरनेटवर नेली की ज्याच्या हाती साधन आहे, त्याला देते. सोडत मात्र कोणाचे तोंड पाहत नाही. अमेरिकेतील योसेमिटी उद्यानात हाफ डोम नावाचा प्रचंड सुळका आहे. तेथे दिवसाला सुमारे 300 जणांनाच चढू देतात आणि निवड सोडतीने होते. पद्धत न्याय्य आहे. पण अर्जालाच 10 डॉलर पडतात आणि नंबर लागला नाही तरी ते परत मिळत नाहीत. पुढच्या दाराने घालविलेली किंमत मागच्या दाराने पुन्हा घरात आली, ती अशी.

आता इंग्लंडकडे पाहा. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातील काही शे तरुण कामगार किंडर स्काऊट या डोंगरावर मनाईहुकूम झुगारून चढले. सहा दिवस कारखान्याच्या धुरात काढणाऱ्यांना सातव्या दिवशी उघड्या माळावर पाऊल टाकण्याची बंदी होती, कारण उमरावांना तेथे शिकारीसाठी पक्षी राखायचे होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि 2000 सालच्या कायद्याने नकाशावर निश्चित केलेल्या डोंगरमाळांवर परवान्यावाचून पायी फिरण्याचा हक्क दिला. निर्बंध तेथेही आहेत: पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधूनच न्यावा लागतो. पण तेथे प्रवेश हा नियम आहे आणि बंदी हा अपवाद.

आपल्याकडे उलट आहे. 1878 च्या वनकायद्याने इंग्रज सरकारने जंगल आपल्या ताब्यात घेतले आणि पिढ्यान्पिढ्या तेथे गुरे चारणारा माणूस परवानगीचा याचक झाला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातील प्रवेशासाठी परवाना लागतो. वन्य प्राण्यांसाठी ते आवश्यक असेल. पण हक्काऐवजी मेहेरबानीची जुनी वृत्ती त्यात मुरली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला, तो हाच क्रम पालटण्यासाठी. शहरातल्या सहलीच्या हौसेसाठी गावकऱ्याचा चराईचा वा सरपणाचा हक्क मात्र कदापि मागे पडता कामा नये.

म्हणून आपण मागणी नेमकी करावी. मर्यादेचा आकडा व त्यामागचे कारण लोकांपुढे मांडावे. ठराविक प्रवेश नाक्यावरच, एसटीने किंवा पायी येणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत. उरलेल्यांची सोडत काढावी आणि अर्जाला पैसा घेऊ नये. आकडा ठरविताना ग्रामसभेचे मत घ्यावे आणि शुल्काचा हिशेब तिच्यापुढे वाचला जावा.

मागण्या लहान आहेत, याची मला कल्पना आहे. पण भाकरीबरोबर निवांतपणाचाही हक्क मागितला, म्हणून तर आठ तासांच्या दिवसाचा लढा उभा राहिला. तो निवांतपणा घालवायला जागाच उरली नाही, तर जिंकलेल्या तासांचे मोल काय? नाक्यावरून परतलेल्या त्या दोन मुलांना हा डोंगर आपलाही आहे असे वाटले नाही, तर उद्या तो वाचविण्यासाठी ती कशाला येतील?