लहान यंत्राचे लहान भाग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 या व्यासपीठावरून बहुधा विद्वान वक्ते बोलतात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पुढील सारे आयुष्य मुलांना गणित व चित्रकला शिकविण्यात गेले. तेव्हा थोर विषयाला हात न घालता, सेवानिवृत्तीनंतर ज्या कामात माझी पाच वर्षे गेली त्याविषयीच बोलावे, असे मी ठरविले. ते काम म्हणजे मिलिंग मशीनची एक-अष्टमांश आकाराची चालती प्रतिकृती करणे आणि तिला लागणारे बारीकसारीक भाग स्वतः यंत्रावर कापून काढणे. ती प्रतिकृती समोरच्या मेजावर ठेवली आहे. व्याख्यानानंतर सर्वांनी, विशेषतः मुलामुलींनी, तिची चाके स्वतःच्या हाताने फिरवून पाहावीत.

प्रथम मिलिंग मशीन म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला जाऊन भिडते. मिलिंगवर याच्या उलट प्रकार असतो. तेथे दातेरी कटर फिरतो आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब त्याच्याखाली हळूहळू सरकविला जातो. माताभगिनींनी हाताने फिरविण्याचे नारळ खवण्याचे यंत्र आठवावे. त्यात दातेरी गोळा फिरतो आणि आपण नारळाची वाटी त्यावर धरतो. वाटी हातात न धरता ती मापाने पुढेमागे, डावीउजवीकडे व वरखाली सरकविणारे टेबल तिच्याखाली आहे अशी कल्पना केली, की मिलिंग मशीन ध्यानात येईल. सपाट पृष्ठभाग, खाचा, दात, षट्कोनी कडा असे आकार याच यंत्रावर निघतात.

एवढे मोठे उपयुक्त यंत्र असताना त्याचे खेळणे कशाला करावयाचे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते. जेम्स नॅस्मिथ या एडिंबरोच्या तरुणाचा जन्म १८०८ सालचा. त्याला लहानपणापासून वाफेच्या यंत्रांच्या प्रतिकृती करण्याचा नाद होता. १८२९ साली तो लंडनला हेन्री मॉड्स्ली या त्या काळच्या श्रेष्ठ यंत्रकाराकडे गेला, तो आपली रेखाचित्रे आणि स्वतः केलेली प्रतिकृती बरोबर घेऊनच. ते काम पाहून मॉड्स्लीने त्याला आपला खाजगी साहाय्यक नेमले. तेथे २०० अश्वशक्तीच्या जहाजी इंजिनाची प्रतिकृती घडविण्याच्या कामी त्याला मदत करावयाची होती. तिला बारीक षट्कोनी नट व बोल्ट मोठ्या संख्येने हवे होते. ते एकेक कानशीने घासून काढणे म्हणजे जिवाला कंटाळा, आणि दोन नट सारखे निघतील याची शाश्वती नाही. नॅस्मिथने लहान लेथवर फिरता कटर बसविला आणि नट सहा सारख्या टप्प्यांनी फिरविणारी योजना केली. त्यामुळे सहाही बाजू आपोआप सारख्या कापल्या जाऊ लागल्या. मिलिंग यंत्राच्या विकासातील ही एक महत्त्वाची पायरी समजली जाते. पुढे १८३९ साली वाफेच्या घणाची कल्पना काढणारा नॅस्मिथ तो हाच. १८९८ साली लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी या छंदाला वाहिलेले ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. तात्पर्य, ज्याला आपण खेळणे म्हणतो त्याच्या नटांपायी खऱ्या कारखान्याचे एक यंत्र सुधारले.

आता मुख्य विषयाकडे वळू. सर्वसाधारण समजूत अशी असते की लहान भाग म्हणजे थोडे काम. अनुभव याच्या नेमका उलट आहे. लहान भागात चुकीला जागाच नसते.

आकार आठपट कमी केला की सर्वच गोष्टी आठपट कमी होतात, असे नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आठव्या हिश्शावर आल्या की वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पटींनी घटते. ९०० किलोचे यंत्र पावणेदोन किलोचे होते. ताठरपणा मात्र आठपटच कमी होतो. म्हणजे तितक्याच जोराने दाबले तर छोटे यंत्र आठपट अधिक वाकते. म्हणून त्याने एका वेळी पितळेचा दशांश मिलिमीटर थर काढला तरी समाधान मानावे. सरकणाऱ्या भागांतील फटीचेही तसेच आहे. मोठ्या यंत्राच्या दोन पृष्ठभागांत ०.०२ मिलिमीटर फट असेल, तर हिशेबाने प्रतिकृतीत ती ०.००२५ मिलिमीटर यावयास हवी. पण तेलाचा थर आणि धुळीचा कण आपल्या प्रतिकृतीसाठी लहान होत नाहीत. म्हणून स्लाइडचे दोन्ही भाग एकमेकांवर बारीक पूड लावून घासून बसवावे लागतात आणि उरलेली ढिलाई जिब नावाच्या पातळ पट्टीने, बाजूचे स्क्रू आवळून, काढावी लागते. माझ्या प्रतिकृतीत ही पट्टी एक मिलिमीटर जाडीची आहे.

गती ठरविताना शाळेतील वर्तुळाचा परीघ उपयोगी पडतो. पोलादासाठी साध्या हायस्पीड कटरच्या दाताने मिनिटाला सुमारे २५ मीटर अंतर कापावे, असा ढोबळ नियम आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या कटरला त्यासाठी मिनिटास सुमारे ३२० फेरे पुरतात. ३ मिलिमीटरच्या कटरला सुमारे २,६५० फेरे लागतात. नवशिका मनुष्य नाजूक कटर जपावा म्हणून तो हळू फिरवितो आणि जॉब नेहमीच्याच वेगाने पुढे ढकलतो. मग प्रत्येक दातावर झेपणार नाही इतका भार पडून कटर मोडतो. नाजूक हत्याराला वेग अधिक आणि घास लहान, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

एका भागाची कृती सविस्तर सांगतो, म्हणजे बाकीच्यांची कल्पना येईल. टेबल सरकविणाऱ्या चाकामागे अंशांची खूण असलेली कडी असते. इंची मापाच्या मोठ्या यंत्रात टेबलाच्या लीडस्क्रूला इंचात पाच आटे असतात. एका फेऱ्यास टेबल इंचाचा पाचवा भाग, म्हणजे २०० थाऊ सरकते, म्हणून कडीवर २०० रेघा असतात. आठव्या हिश्शाच्या प्रतिकृतीत कडीचा व्यास साडेनऊ मिलिमीटर येतो आणि परीघ जेमतेम ३० मिलिमीटर. त्यावर २०० रेघा मारल्या तर दोन रेघांत ०.१५ मिलिमीटर अंतर राहील, आणि ते वाचावयास भिंग लागेल. पण २०० थाऊला आठाने भागा. उत्तर २५ थाऊ येते, म्हणजे इंचात ४० आटे. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला नेमके हेच आटे असतात! मग कडीवर २५ रेघा पुरतात, प्रत्येक रेघ एक थाऊ दाखविते आणि दोन रेघांत सव्वा मिलिमीटरच्या आसपास ऐसपैस जागा मिळते. गणिताच्या शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते?

कडी अशी करावयाची. बारा मिलिमीटर व्यासाचा पितळी गज चकात धरून तोंड साफ करावे, सेंटर ड्रिलने खूण करून भोक पाडावे आणि रीमरने ते मापास आणावे. मग बाहेरचा व्यास साडेनऊवर आणावा. आता गज चकातून न काढता चकासकट डिव्हायडिंग हेडवर चढवावा. या हेडचा दांडा ४० वेळा फिरविला की जॉबचा एक फेरा होतो. आपल्याला २५ भाग हवेत. चाळीस भागिले पंचवीस म्हणजे एक पूर्णांक तीन पंचमांश. तेव्हा प्रत्येक रेघेसाठी दांडा एक पूर्ण फेरा आणि १५ भोकांच्या वर्तुळावर आणखी ९ भोके पुढे न्यावा. टोकदार हत्याराने रेघ ओढावी आणि दर पाचवी रेघ लांब ठेवावी. पंचविसावी रेघ ओढून झाल्यावर दांडा आणखी एकदा तितकाच फिरविला, की हत्याराचे टोक पहिल्या रेघेवर येऊन उभे राहिले पाहिजे. तसे आले तर हिशेब बरोबर. सर्वांत शेवटी कडी गजापासून कापून वेगळी करावी. त्या वेळी भोकात एक बारीक तार धरून ठेवावी, म्हणजे कडी सुटून किसात हरवत नाही.

या कृतीतील मर्म एकच आहे. जॉब मूळ गजाला जोडलेला आहे तोवर त्याला धरावयास जागा आहे. एकदा तो कापून अलग केला की त्याला धरणे हेच मोठे काम होऊन बसते. म्हणून जेवढे संस्कार करावयाचे तेवढे मूळ गजावरच करून घ्यावेत. पण दोन मिलिमीटर जाडीची वेडीवाकडी कळ असली तर तिला व्हाइसमध्येही धरता येत नाही. येथे आपल्याकडची जुनी विद्या कामास येते. सोनार नक्षीसाठी दागिना लाखेत बसवितात. घड्याळजीही बारीक भाग लाखेने चिकटवून लेथवर चढवितात. तसाच हा भाग सपाट पितळी पट्टीवर लाखेने चिकटवावा, काम झाल्यावर पट्टी तापवावी, भाग अलगद सुटतो. आजकालचा सुपरग्लूही चालतो आणि तोही तापविल्यावर सोडतो.

टेबलावरील टी आकाराच्या खाचा हा सर्वांत कसोटीचा भाग. मोठ्या टेबलावर त्यांचे तोंड पाच सुतांचे असते, प्रतिकृतीत ते दोन मिलिमीटरचे येते. प्रथम सरळ खाच पाडावयाची आणि नंतर टी कटर आत घालून तळ रुंद करावयाचा. या कटरची मान दाभणाहून जाड नसते. ती बहुधा कापण्याच्या जोराने मोडत नाही, खाचेत किस अडकून मोडते. म्हणून दर थोड्या अंतरावर थांबून ब्रशने किस काढावा. घाई करणाऱ्यास हा भाग कधीही साधत नाही.

सुरक्षिततेविषयी दोनच शब्द. डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये, कारण पितळेचा किस सुईसारखा उडतो. आणि भाग कितीही चिमुकला असला तरी ड्रिल करताना तो बोटांनी धरू नये. सैल बाही, ओढणी, हातातील कडे यांना यंत्राजवळ स्थान नाही.

कोणी म्हणतील, आज संगणकावर चालणारी यंत्रे असे हजारो भाग एका दिवसात काढतात, मग ही हातची कसरत कशाला? हे खरे आहे, आणि त्या यंत्रांविषयी मला आदरच आहे. परंतु भाग कोठे धरावा, कोणती बाजू आधी कापावी, मोजमाप कोणत्या कडेपासून घ्यावे, हे त्या यंत्रालाही माणसानेच सांगावे लागते. ते ज्याला कळते तो कारागीर, आणि ज्याला कळत नाही तो केवळ बटण दाबणारा. हे कळण्यासाठी एकदा तरी हाताने चाक फिरवून दोन मिलिमीटरची खाच पाडलेली असावी.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांच्या हाती ऐरण आणि हातोडा होता. पुढील पिढ्यांनी लेखणी धरली, आणि त्यात गैर काहीच नाही. मीही लेखणीवरच पोट भरले. पण वधूवर परिचयाच्या वेळी “मुलगा आयटीआयला होता” हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाते, ते ऐकून मला खेद होतो. मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर १९६१ च्या कायद्यानुसार कारखान्यात उमेदवारीही करता येते. मुलींनाही ही दारे उघडी आहेत. एक थाऊचा फरक बोटाने ओळखणारा हात हे शिक्षणच आहे. गुणपत्रिकेतील टक्क्यांइतकेच ते मोजूनही घेता येते, कारण मायक्रोमीटर कोणाची भीड धरीत नाही.

म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवीत आहे. शालान्त परीक्षेतील गुणांसाठी आपण दर वर्षी पारितोषिके देतो. त्यांच्या जोडीला एक पारितोषिक हाताने केलेल्या भागासाठी असावे. पंचवीस मिलिमीटर बाजूचा पोलादी घन किंवा सहा बाजू सारख्या असलेला नट सर्वांना नेमून द्यावा, आणि भाषण न ऐकता, शिफारस न पाहता, केवळ मापून निकाल लावावा. पहिल्या वर्षीच्या बक्षिसाची रक्कम मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.

आणखी एक. माझी दृष्टी आता पूर्वीसारखी राहिली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम थांबविण्यास सांगितले आहे. तेव्हा ही प्रतिकृती, माझा लहान लेथ, डिव्हायडिंग हेड आणि सारी हत्यारे मी मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहास देत आहे. माझी अट एकच आहे. ही वस्तू काचेच्या कपाटात हार घालून ठेवू नये. मुलांनी ती वापरावी. कटर मोडतील, तर मोडू द्यावेत. प्रतिकृतीचा जो भाग झिजेल, तो त्याच लेथवर नवा करून बसवावा. दर रविवारी सकाळी दोन तास येऊन बसण्यास मी तयार आहे. डोळे मुलांचे असतील, सांगणे माझे असेल.