हप्त्यासाठी फोटो, घरासाठी नजर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज बचतीचा नाही, घरकुलाचा विषय घेतलाय. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची घरं सध्या चालू आहेत. कुणाचं जोतं झालंय, कुणी स्लॅबला थांबलंय. मी गावात आले की पहिला प्रश्न असतो, "ताई, हप्ता कधी पडणार?" तो विचारायलाच हवा. पण "बांधकाम नीट चाललंय का?" हे फार थोड्या जणी विचारतात.

आधी हक्काचं सांगते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. त्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून आपल्याच घरावरच्या कामाची ९० दिवसांची मजुरी मिळते, डोंगरी भागात ९५ दिवसांची. शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं हवं आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. पैसे थेट आपल्या खात्यात येतात. सरकार या कामाला ठेकेदार नेमत नाही. कुणी "मी वरून नेमलेला ठेकेदार आहे" म्हणत आला, तर त्याच्या हातात पासबुक देऊ नका.

आता तपासणी. टप्पा पूर्ण झाला की मोबाईलवर फोटो काढून, जागेच्या नोंदीसह अपलोड करतात. त्यावर पुढचा हप्ता निघतो. पण हा फोटो काय सांगतो? भिंत इतकी वर आली, एवढंच. आत सिमेंट किती पडलं, सळई कुठे बसली, पाणी किती दिवस मारलं, हे फोटोत दिसत नाही.

एका गटातल्या सखीचं सांगते. एप्रिलात स्लॅब पडला. पाण्याची टंचाई होती. गवंडी म्हणाला, "चार दिवस मारलं, बास झालं." फोटो निघाला, हप्ते आले, कागदावर घर पूर्ण झालं. पहिल्याच पावसात पाळण्यावर थेंब पडायला लागले. दुरुस्तीसाठी तिने गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि ते आजही फेडतेय. घर "पूर्ण" असल्यामुळे आता योजनेतून काही मिळत नाही. म्हणून बघायचं ते काम झाकलं जायच्या आधी.

पाया आणि जोतं : काळ्या मातीवर पाया टेकवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायला सांगा. जोत्यातली भर थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून घ्या. पावसाचं पाणी जिथवर साचतं, त्याच्या वर जोतं हवं.

भिंत : दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. विटा भिजवूनच लावायच्या. ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते स्वतः बघा. पाणी घालून कालवलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. सुकला म्हणून परत पाणी घालून वापरू देऊ नका.

लिंटेल : ही पट्टी नुसती दार-खिडकीवर नको, चारी भिंतींवरून सलग फिरवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड छतं माणसांवर पडली. सलग पट्टी भिंतींना एकत्र बांधून ठेवते.

स्लॅब : काँक्रीट ओतायच्या आधी जाळीखाली वाकून बघा. सळई फळीला टेकलेली नको, खाली सिमेंटचे छोटे ठोकळे हवेत. माल पातळ करायला जास्त पाणी ओतू देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून वाफे करून कमीत कमी १० दिवस पाणी ठेवा, उन्हाळ्यात १४. दोन आठवडे टेकू काढायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, गवंड्याला आम्ही काय विचारणार? तो म्हणतो, "बाईला बांधकामातलं काय कळतं?" अहो, इथल्या निम्म्या जणींनी दुसऱ्याच्या बांधकामावर घमेली वाहिली आहेत. माल कसा कालवतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फरक एवढाच की तेव्हा घर दुसऱ्याचं होतं. आता मंजुरीच्या कागदावर तुमचं नाव आहे.

तरीही एकटीने बोलणं जड जातं, म्हणून हे काम गटाने करायचं. प्रत्येक टप्प्याला तीन जणींनी जायचं, त्यातली एक तरी स्वतःचं घर बांधून झालेली असावी. काय पाहिलं ते गटाच्या इतिवृत्तात तारखेसह लिहायचं. खोट दिसली तर आधी गवंड्याशी बोलायचं, पुढचा माल त्यानंतर टाकायचा. ऐकलं नाही तर गृहनिर्माण अभियंत्याला बोलवायचं आणि पंचायत समितीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. घरकुलांचं सामाजिक अंकेक्षण गावात वर्षातून एकदा तरी व्हायला हवं. ग्रामसभेत ते मागा. तिथे आपलं इतिवृत्त पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक ग्रामसंघाने चालू घरकुलांची यादी आणायची आहे : कुणाचं घर, कोणत्या टप्प्यावर आणि बघायला कोण तिघी जाणार. ज्यांचा स्लॅब येत्या पंधरा दिवसांत आहे, त्यांनी आज जाण्याआधी मला भेटा. त्यांच्याकडे आधी जाऊ.