शर्यत उभी करणारी माणसं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, चंद्रपूर)



दिवसभर चंद्रपूरचं ऊन सोसून तुम्ही आज इथे आलात आणि मी बोलणार आहे बर्फावरच्या शर्यतींविषयी. क्रॉसकंट्री स्कीइंग हा तो खेळ. पायाला लांब, अरुंद स्की बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि दहा, वीस, पन्नास किलोमीटर बर्फातून जायचं. चढही आपल्याच दमावर चढायचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ह्या देशांत ह्या वाटा बहुधा जंगलातून जातात. ऑस्लो शहराला लागून असलेल्या जंगलात होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत होते. आपल्या गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. जंगलात एखादी गोष्ट नीट पार पाडायला किती माणसं राबावी लागतात, हे इथल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

खेळाडूंविषयी मी फार बोलणार नाही. त्यांचे फोटो छापून येतात आणि ते यावेतच. मला बोलायचं आहे ते फोटोच्या चौकटीत न येणाऱ्या माणसांविषयी. मी क्रीडाशिक्षक आहे, मैदानावर पंच म्हणून उभा राहतो. स्कीच्या शर्यती मी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून अभ्यासल्या, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं: शर्यत खरी आहे की नाही, हे खेळाडूच्या आधी ह्या माणसांवर ठरतं.

आदल्या रात्रीपासून सुरुवात करू. उद्या सकाळी शर्यत, म्हणून रात्री अवजड यंत्रं जंगलात शिरतात. ती बर्फ चोपून सपाट करतात आणि क्लासिक प्रकारासाठी, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून जाण्याच्या प्रकारासाठी, स्की बसेल अशा दोन समांतर चऱ्या पाडतात. हे काम रात्रीच करावं लागतं, कारण चोपलेला बर्फ घट्ट व्हायला काही तास लागतात. वाट किती रुंद हवी, एकूण चढ किती, सर्वांत मोठा चढ किती, ह्याचे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे नियम आहेत, आणि मार्ग तपासून प्रमाणित झाल्याशिवाय मोठी स्पर्धा त्यावर घेता येत नाही. हा महासंघ १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी इथे स्थापन झाला. सकाळी स्पर्धकांच्या आधी काही जण तो मार्ग स्की करून पार करतात. कुठे बर्फ उखडलाय, कुठे फांदी पडलीय, कुठलं वळण घसरडं झालंय, हे ते कळवतात. त्यांची वेळ कुठल्याच निकालपत्रकात नसते.

हल्ली पुरेसा बर्फ पडेलच ह्याची खात्री उरलेली नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या दावोससारख्या ठिकाणी हिवाळ्यातला बर्फ ढीग करून लाकडाच्या भुशाखाली झाकतात, तो उन्हाळाभर टिकवतात आणि पुढच्या हंगामात वाटेवर अंथरतात. शर्यत नोव्हेंबरात असली तरी तिचं काम आधीच्या हिवाळ्यात सुरू झालेलं असतं.

आता घड्याळाकडे येतो. ह्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे माझं स्वतःचं काम आहे.

ह्या खेळातल्या बऱ्याच शर्यतींत स्पर्धक एकेक करून, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुटतात. सुटण्याच्या क्षणाच्या तीन सेकंद आधीपासून तीन सेकंद नंतरपर्यंत निघायची मुभा असते. त्याहून आधी निघाला तर फाऊल. १९८० साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडच्या ऑलिम्पिकमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबेरीने फिनलंडच्या युहा मिएटोला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हरवलं. हिशेब करून पाहा. ते ज्या वेगाने जात होते, त्या वेगाने ते अंतर सुमारे सहा सेंटिमीटर भरतं. पंधरा किलोमीटरमध्ये सहा सेंटिमीटर! आणि दोघं सुटलेही होते वेगवेगळ्या वेळी. एवढ्या फरकावर सुवर्ण आणि रौप्य ठरवणं योग्य नाही, असं पुढे महासंघालाही वाटलं, आणि ह्या खेळात वेळ शतांशाऐवजी दशांश सेकंदात मोजायचं ठरलं. यंत्र जितकं बारीक मोजू शकतं तितकं मोजलंच पाहिजे असं नाही, हे ओळखायला मोठी प्रामाणिकता लागते. दोनच वर्षांनी, १९८२ साली ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या रिलेमध्ये नॉर्वे आणि सोव्हिएत संघाचे स्कीपटू एकत्रच रेषेवर आले. फोटोफिनिश पाहूनही निवाडा होईना. पंचांनी दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. ज्या टेबलावर हा निर्णय झाला, तिथल्या माणसांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. निर्णय मात्र टिकून आहे.

आपल्याकडच्या शाळेच्या मैदानावर हेच प्रश्न येतात. चुन्याची फक्की मारून सहा लेन आखलेल्या असतात. शंभर मीटरच्या एका टोकाला स्टार्टर लाकडी क्लॅपर घेऊन उभा, दुसऱ्या टोकाला टाइमकीपर. आवाजाला शंभर मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. टाइमकीपरने क्लॅपरचा आवाज ऐकून घड्याळ दाबलं, तर प्रत्येक मुलाची वेळ तेवढ्याने कमी लागते आणि गावात अचानक विक्रमवीर तयार होतो. म्हणून नियम आहे की पिस्तुलाचा धूर दिसताच, क्लॅपर असेल तर त्याच्या फळ्या मिटताना दिसताच, घड्याळ सुरू करायचं. कान बंद, डोळे उघडे. पहिल्या क्रमांकावर तीन घड्याळं लावायची. दोन जुळली तर तीच वेळ खरी, तिन्ही वेगळी आली तर मधली घ्यायची. ह्यात खर्च नाही, वीज नाही. लागतो तो सराव, आणि शेजारच्याच्या घड्याळात न डोकावण्याची शिस्त. हा सराव नसल्यामुळे एखाद्या मुलीची निवड हुकली, तर तिला ते आयुष्यभर कळत नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे.

पडद्यामागचं दुसरं मोठं काम मेणाचं. स्कीच्या तळाला मेण लावतात. इस्त्रीने वितळवून ते तळात मुरवायचं, थंड झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं, मग ब्रश मारून तळ चकचकीत करायचा. क्लासिक प्रकारात मधल्या भागाला वेगळं, धरून ठेवणारं मेण लागतं, नाहीतर चढावर पाय मागे सरकतो. बर्फाचं तापमान, हवेतली आर्द्रता, बर्फ नवा की जुना, ह्यावर मेण बदलतं. मोठ्या देशांचे चमू ह्यासाठी ट्रकएवढ्या कार्यशाळा घेऊन फिरतात. तंत्रज्ञ पहाटे स्कीच्या कितीतरी जोड्या घसरवून पाहतात आणि त्यातली एक निवडतात. खेळाडू तोवर झोपेत असतो.

ह्या मेणात अनेक वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनं असत. घसरण अप्रतिम, पण ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत आणि शरीरात साठून राहतात. बंद खोलीत दिवसभर इस्त्रीचा धूर घेणाऱ्या तंत्रज्ञांचं रक्त नॉर्वे आणि स्वीडनमध्ये तपासलं, तेव्हा ह्या रसायनांचं प्रमाण सर्वसामान्य माणसांपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. पदक एकाच्या गळ्यात आणि विष दुसऱ्याच्या रक्तात, असा हा मामला होता. महासंघाने २०१९ साली बंदीचा निर्णय घेतला, पण शर्यतीच्या जागीच स्की तपासणारं भरवशाचं उपकरण हाती यायला वेळ लागला आणि बंदी पूर्णपणे लागू झाली ती २०२३-२४ च्या हंगामात. आता सुरुवातीच्या रेषेजवळ स्कीच्या तळाची यंत्राने तपासणी होते. कारखान्यांच्या, खाणींच्या, औष्णिक वीज केंद्राच्या ह्या जिल्ह्यात, कामगाराच्या फुफ्फुसाची किंमत किती उशिरा मोजली जाते हे आपण जाणतो. तिथे ती उशिरा का होईना मोजली गेली.

आता एक प्रसंग. २००६, इटलीतलं तुरीन ऑलिम्पिक, महिलांची सांघिक स्प्रिंट. कॅनडाच्या सारा रेनरची काठी शर्यतीत मोडली. वाटेच्या कडेला नॉर्वेच्या चमूचे प्रमुख ब्योर्नार होकेन्समोएन उभे होते. त्यांनी क्षणाचाही विचार न करता आपल्याजवळची काठी तिला दिली. ती तिच्या मापापेक्षा लांब होती, पण तिने निभावून नेलं. कॅनडाला रौप्य मिळालं. नॉर्वे चौथं आलं, पदकाविना. पुढे कॅनडातल्या लोकांनी मेपलच्या पाकाचे हजारो डबे नॉर्वेला पाठवले. आपल्या संघाचं पदक जाऊ शकतं हे माहीत असताना हात पुढे झाला, आणि तो झाला कारण तो माणूस काठी घेऊन नेमक्या जागी उभा होता. नेमक्या जागी उभं राहणं हेच तर ह्या लोकांचं काम.

आणि शर्यत थांबवणं हेही. मार्गावरच्या सर्वांत थंड जागी तापमान उणे २० अंशांखाली गेलं, तर स्कीची शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. तापमापक धरलेला माणूस तिथे प्रायोजकापेक्षा मोठा असतो. शर्यत वेळेत न थांबवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे चीनमध्ये दिसलं. तिथल्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये शंभर किलोमीटरची डोंगरातली धावण्याची शर्यत होती. अचानक गारठा, वारा आणि पाऊस आला आणि २१ धावपटू दगावले. आपल्याकडे धोका उलट्या टोकाचा. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात कुणी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दहा वाजता मॅरेथॉनचं निशाण दाखवत असेल, तर पाहुणे यायला उशीर झाला हे कारण होऊ शकत नाही. ‘शर्यत आज नाही’ हे मंत्र्यांसमोर सांगू शकेल असा माणूस प्रत्येक आयोजनात हवा.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या आपल्या दोन जिल्ह्यांत खेळाडू आहेत, हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’अंतर्गत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. ज्यांनी लहानपणी बर्फ पाहिला नव्हता, त्यांनी बर्फाचं सर्वांत उंच टोक गाठलं. आपण त्यांचा सत्कार केला. त्यांच्या पुढे जाऊन दोर बांधणारे, प्राणवायूची नळकांडी वाहणारे शेर्पा त्या मोहिमेचा तितकाच भाग होते. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडासंकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली आणि देशभरातली मुलं आपल्या जिल्ह्यात येऊन धावली. सिंथेटिक ट्रॅक आहे, निवासाची सोय होऊ शकते. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर ह्या पाचही आदिवासी विकास प्रकल्पांत आश्रमशाळांच्या स्पर्धा होतात. गडचिरोलीत पोलीस दल हजारोंची मॅरेथॉन घेतं. कमी आहेत ते परीक्षा दिलेले पंच, लॅप मोजणारे, मार्ग मोजणारे, वळणावर उभे राहणारे.

ही माणसं बाहेरून आणायची गरज नाही. ती जंगलातच आहेत. उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करणारे मजूर आणि वनरक्षक मैलोन् मैल वाट मोकळी ठेवतात. व्याघ्रगणनेसाठी आखलेल्या रेषेवर चालायचं, दिसेल ते आणि तेवढंच नोंदवायचं, हे काम त्यांना शिकवलेलं असतं. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा भागात हेच काम करताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. देशात वाघ किती, हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. तो आकडा अशा माणसांच्या पायांनी चालत आलेला असतो. ज्या जिल्ह्यात असं काम करणारी माणसं आहेत, तिथे शर्यतीचा मार्ग चोख आखणारे आणि खरी नोंद ठेवणारे का तयार होऊ नयेत?

स्वीडनमध्ये १९२२ पासून वासालोपेट नावाची शर्यत होते. सेलेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटर, पंधरा हजारांवर स्पर्धक. वाटेत ठिकठिकाणी गावकरी त्यांच्या हातात ब्लूबेरीचं गरम सूप देतात. ही जगप्रसिद्ध शर्यत कुठल्या कंपनीची नाही. ती सेलेन आणि मोरा ह्या दोन लहान गावांच्या क्रीडामंडळांच्या मालकीची आहे. शंभर वर्षं त्यांनी ती सांभाळली, कारण घरटी एकाला काही ना काही काम ठाऊक आहे.

माझी विनंती इथल्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना आहे. येत्या सत्रात तालुका स्पर्धेला धावणारी मुलं पाठवाल, तेव्हा प्रत्येक शाळेने दोन मुलं पंचांच्या टेबलाशी पाठवावीत. एकाच्या हातात घड्याळ द्या, एकाच्या हातात लॅपचा तक्ता. जी मुलगी धावण्यात मागे पडते, तिची नजर कदाचित सर्वांत पक्की असेल. वनखात्यातले आणि निवृत्त शिक्षकांतले जे कुणी इथे आहेत, त्यांनी मैदानी खेळांच्या राज्य संघटनेची पंच परीक्षा द्यावी. अभ्यास घ्यायला मी तयार आहे, रविवारी सकाळी, मैदानावर, विनाशुल्क. नावं द्यायची असतील तर मी व्याख्यान संपल्यावर इथेच थांबतो आहे.