बर्फावरची चाके

श्रोतेहो, आदिलाबाद जिल्ह्यात हिवाळ्यात पारा कधी ५ अंशांपर्यंत उतरतो. पण रस्त्यावर बर्फ साचत नाही. नार्नूरचा मोटारचालक मनालीपलीकडे निघाला, तर त्याने चाकांना साखळ्या बांधाव्यात की हिवाळी टायर घ्यावेत?

सुमारे ७ अंशांखाली साधे रबर ताठरते. हिवाळी टायरचे मऊ राहते. ज्याला सारा हिवाळा तेथे काढायचा, त्याने चारही चाकांना तेच बसवावेत. चार दिवसांच्या पाहुण्याला साखळ्या पुरेत. इंजिनाची ओढ असलेल्या चाकांना त्या बांधाव्यात, वेग ताशी ५० किलोमीटरांच्या आत ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच त्या सोडाव्यात.

मात्र उतारावर जीव वाचतो तो मंद गतीने. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून गाडी हाकणाऱ्याला हे वेगळे सांगणे नलगे.