वाचनातून घडलेला विचारवंत

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले, ते तेथील एका कुटुंबाच्या आडनावामुळे. १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर समीक्षक, वक्ते आणि विचारवंत म्हणून सर्वश्रुत आहेत. त्यांच्या विचारांची चर्चा पुष्कळ झाली. हा विचारवंत घडला कसा, हा प्रश्न मात्र शिक्षकांनी आणि गावकारभाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा असा आहे.

कुरुंदकरांचे बालपण निजामी राजवटीत गेले. आजचा हिंगोली जिल्हा त्या काळी परभणी जिल्ह्याचा भाग होता. तो स्वतंत्र झाला १ मे १९९९ रोजी. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व राज्यकारभारही उर्दूतून चाले. मराठी मुलांच्या हाती आपल्या भाषेतील ग्रंथ सहजासहजी येत नसत. त्यामुळे गावात वाचनालय काढणे हेच लोकजागृतीचे कार्य ठरे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. धर्म, सत्ता आणि स्वातंत्र्य यांविषयीचे प्रश्न ऐन उमलत्या वयात त्यांच्यासमोर प्रत्यक्ष जीवनातून उभे राहिले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ते ग्रंथांकडे वळले.

शिक्षणासाठी ते हैदराबाद येथे आपले मामा, मराठीचे व्यासंगी प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. तेथे त्यांच्या वाचनाला सीमा उरली नाही. इतिहास, धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, काव्यशास्त्र यांत मन रमल्यावर अभ्यासक्रमातील पुस्तके मागे पडली. इंटरच्या परीक्षेत त्यांना एकाहून अधिक वेळा अपयश आले. व्यवहारी जगाने अशा मुलास वाया गेलेला म्हटले असते. परंतु नांदापूरकर आणि नांदेडचे कहाळेकर यांच्यासारखे गुरुजन त्यांना लाभले. त्या सहवासात त्यांची बुद्धी वादविवादाने तावूनसुलाखून निघाली.

पुढे कुरुंदकर नांदेडला शाळेत शिक्षक झाले. रीतसर पदव्या मिळवून ते पीपल्स महाविद्यालयात प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. ‘रूपवेध’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ हे त्यांचे ग्रंथ मराठी वैचारिक वाङ्मयाचे भूषण होत. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस त्यांचे दीर्घ पत्रच प्रस्तावना म्हणून लाभले. ऐतिहासिक पुरुषाकडे चिकित्सक दृष्टीने कसे पाहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, व्यासपीठावर त्यांचे निधन झाले.

परीक्षेतील अपयशाचा गौरव करावा, असा या चरित्राचा अर्थ नव्हे. नापास होणारा प्रत्येक विद्यार्थी कुरुंदकर होत नाही. परंतु गुणपत्रिकेवरून मुलाची जिज्ञासा मोजता येत नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. वाढत्या मुलाला दोन गोष्टींची गरज असते : हाती पडणारे पुस्तक आणि त्याच्या शंका मनापासून ऐकून घेणारे वडीलधारे माणूस.

पहिल्या गोष्टीसाठी कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. मात्र पुस्तके कुलूपबंद कपाटात राहिली, तर कायद्याचा हेतू सफल होत नाही. कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती विश्वासाने द्यावी. पुस्तक फाटेल या भीतीपेक्षा ते न वाचता जुने होईल, याची भीती अधिक बाळगावी. शेतातील कामे आटोपल्यावर, सायंकाळी, गावचे वाचनालय उघडे राहील याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे.

दुसरी गोष्ट कोणताही कायदा देऊ शकत नाही. वाचलेल्या पुस्तकाविषयी मुलाला बोलू देणे, त्याचा मतभेद न रागावता ऐकणे आणि त्याला त्याहून अवघड पुस्तक सुचविणे, हे शिक्षकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून आहे. कुरुंदा आणि परिसरातील शाळांत आजही जिज्ञासू मुले आहेत. त्यांना ग्रंथ आणि गुरुजन दोन्ही लाभावेत, हेच कुरुंदकरांचे खरे स्मारक ठरेल.