भूतबंगल्यात दिवे लावल्यावर

(विद्यार्थी अभ्यासवर्ग, अकोला येथे केलेले भाषण)



आज आम्ही भुतांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले, ते बरेच झाले. गेल्या उन्हाळ्यात मात्र आपल्याच अभ्यासवर्गातील काही मुलांना या विषयाचे हसू येत नव्हते.

अकोल्यात आनंद मेळा लागला होता. आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि त्यांच्या शेजारी भूतबंगला. आपले दहा-बारा विद्यार्थी रात्री त्यात जाऊन आले. त्यांतील आठवीची एक मुलगी त्यानंतर दोन रात्री घरातला दिवा मालवू देईना. आम्ही तिला समजावू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, ते खोटं आहे हे मले मालूम आहे. पण भेव जात नाही." या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. खोटे आहे हे सांगून भागत नाही, ते खोटे कसे केले आहे हे दाखवावे लागते, एवढे आम्हांस कळले.

म्हणून आम्ही मेळ्याच्या मालकास भेटलो. दुपारी मेळा बंद असताना मुलांना आतून दाखवाल का, असे विचारले. गुपित फुटले तर तिकीट कोण काढील, म्हणून तो आधी कुरकुरला. पण मुलांकडे पाहून तयार झाला. आत गेल्यावर त्याने सगळे दिवे लावले.

काय दिसले? पत्रे, बांबू, काळे कापड आणि खिळे निघालेले प्लायवूड. रात्री अंगावर झेपावलेला सांगाडा प्लास्टिकचा होता. त्याला स्प्रिंग लावलेली आणि सायकलच्या ब्रेकची तार बांधलेली. तोंडावरून फिरलेले 'केस' म्हणजे ओल्या सुतळीच्या लडी. पायाखालची हलणारी जमीन म्हणजे सैल ठेवलेली फळी. रात्री संपता संपत नव्हता तो रस्ता मुलांनी पावलांनी मोजला. तो साठ पावलांचा निघाला. एकाच खोलीत कापडाचे पडदे लावून तीन वळसे काढले होते, इतकेच.

आणि तार ओढणारे भूतही भेटले. मूर्तिजापूरकडचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, रबरी मुखवटा गुडघ्यावर ठेवून डबा खात बसलेला. मुलांनी विचारले, "तुले भेव नाही लागत का?" तो म्हणाला, "भुताले नाही भेत. मानसायले भेतो. घाबरले का बुक्की हाणतात." त्याच्या कानाजवळ वळ होता. मुले एकदम गप्प झाली. आदल्या दिवशीच्या ओरडण्यात आपलाही हात कुणाला लागला असेल काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसला.

मित्रहो, हा प्रकार आपल्या मेळ्यापुरता नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'हाँटेड मॅन्शन' सुरू झाले. आपल्याकडे खोपोलीजवळ, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात 'सलीमगढ' उभा राहिला. डिस्नेलँडच्या त्या वाड्यात एक खोली आपोआप उंच होत जाते. वास्तविक ती उंच होत नाही. प्रेक्षक उभे असतात ती जमीनच लिफ्टसारखी खाली जाते. तेथील मेजवानीच्या दालनात पारदर्शक भुते नाचतात. त्यांची युक्ती तर शंभर वर्षे आधीची, लंडनची. हेन्री डर्क्स या इंजिनियरची मूळ कल्पना प्रा. जॉन पेपर यांनी सुधारली आणि २४ डिसेंबर १८६२ रोजी रंगमंचावर दाखवली. प्रेक्षकांपुढे मोठी स्वच्छ काच तिरकी उभी करायची. नट खाली खड्ड्यात लपलेला. त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकला की काचेतले त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर भूत होऊन उभे राहते.

हे तुम्ही घरीही करू शकता. टेबलावर काच उभी धरा. काचेच्या अलीकडे पेटती मेणबत्ती ठेवून ती पाहणाऱ्यापासून पुस्तकाआड लपवा. काचेपलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. खोलीत अंधार करा. मेणबत्ती पाण्यात जळताना दिसेल. मग खोलीतला दिवा लावा. ज्योत फिकी पडेल. रात्रीच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला जाताना खिडकीबाहेरच्या शेतात आपलाच चेहरा धावताना दिसतो, तोही याच नियमाने.

येथवर गंमत झाली. आता गंभीर गोष्ट. ९ जून १९७९ रोजी सिडनीच्या लूना पार्कमधील 'घोस्ट ट्रेन'ला आग लागली. सहा मुले आणि एक पुरुष असे सात जण गेले. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एका उद्यानाच्या भुताच्या किल्ल्यात आठ तरुण मुले मेली. त्या किल्ल्यात आग विझविणारे पाण्याचे फवारे नव्हते. विचार करा, भूतबंगल्यात धूर दिसला तर तो खेळाचाच भाग वाटणार, किंकाळी ऐकू आली तर लोक हसणार, आणि बाहेरचे दार तर मुद्दामच लपवलेले. त्या पंधरा जणांपैकी एकालाही भुताने मारले नाही. आग होती आणि वाट सापडली नाही.

त्यानंतर अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. अशा जागी धोक्याची सूचना मिळताच दिवे लागले पाहिजेत आणि गोंधळात टाकणारे आवाज व देखावे बंद झाले पाहिजेत. म्हणजे भुताचा खेळ थांबवा, उजेड करा आणि दार दाखवा. आम्हीही त्या दुपारी मालकास मागच्या दाराविषयी विचारले. दार होते, पण त्यापुढे खुर्च्या रचलेल्या होत्या. त्याने त्या आमच्यासमोर हलवल्या.

तिकीट काढून घाबरणे हा खेळ आहे. त्यात वाईट काही नाही. पण तिकीट न काढता ज्यात ढकलले जाते, असेही भूतबंगले गावोगावी आहेत. अंगात आले म्हणून बाईला साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, साप चावला असता दवाखान्यात जाऊ न देणे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या गोष्टींना गुन्हा ठरवतो. तेथेही कुठेतरी तार असते आणि ती ओढणारा हात असतो. आपल्या वऱ्हाडातील गाडगेबाबा कीर्तनात लोकांना साधेच प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. धम्मालाही 'एहिपस्सिको' म्हटले आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा.

विद्यार्थी मित्रहो, कुणी भीती घातली तर भांडत बसू नका. तीन गोष्टी विचारा. दिवा कुठे आहे? तार कुणाच्या हातात आहे? बाहेरचे दार कुठे आहे? आणि मुखवट्याआडच्या माणसाला मारू नका.

ती आठवीची मुलगी पुन्हा रात्री त्या भूतबंगल्यात गेली. ओरडली, असे ती स्वतःच सांगते. पण या वेळी आत जाताना तिने बरोबरच्या धाकट्या भावाला आधी मागचे दार दाखवून ठेवले होते.