निरीक्षण आधी, अनुमान नंतर
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



तुमच्यासमोर मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

एप्रिल २०२०. टाळेबंदी होती. आपल्या वर्गातली एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. तिचा रात्री फोन आला, "अगं, तू इंजिनिअर ना? मला एक पेटी करून दे." तैवानच्या डॉ. लाय श्येन-युंग यांनी मार्चमध्ये एका पारदर्शक पेटीचा आराखडा सर्वांसाठी मोफत खुला केला होता. पेटी रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची आणि दोन भोकांतून हात घालून श्वासनलिकेत नळी बसवायची. खोकल्याचे तुषार आतच अडतील, अशी कल्पना.

मी सॉफ्टवेअरवाली. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिक कापून घेतलं आणि सहा पेट्या केल्या. दोन मैत्रिणीकडे गेल्या, चार इतरत्र. फोटो ग्रुपवर टाकले, तुम्ही भरभरून कौतुक केलंत.

आठवड्याने मैत्रीण म्हणाली, "सरावाच्या पुतळ्यावर वापरून पाहिली. आत हात नीट वळत नाहीत, नळी घालायला जास्त वेळ लागतो. आणि रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो गं."

त्या रात्री मी घरी पेटीत उदबत्ती लावली. धूर थोडा वेळ आत घुटमळला आणि हाताच्या भोकांतून थेट माझ्या तोंडावर आला. मोठे तुषार पेटी अडवत होती, पण हवेत तरंगणारे बारीक कण नाही. आत हवा खेचून घेणारं काहीच नव्हतं!

सकाळी चारही ठिकाणी फोन केले. एक जण म्हणाले, "ताई, पेपरात फोटो आलाय. आता काय सांगू?" म्हटलं, खरं तेच सांगा. पुढे ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही हवा न खेचणाऱ्या अशा पेट्यांची आपत्कालीन परवानगी मागे घेतली.

मग आम्ही दुसरा प्रयत्न केला. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, वर पारदर्शक प्लास्टिक, उशाशी पंखा आणि हेपा फिल्टर. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहिला की फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. खाट रिकामी आणि ऑक्सिजन बंद ठेवून पुन्हा उदबत्ती. यावेळी बाहेर धरलेला धूर आत ओढला गेला.

तरी मैत्रिणीने विचारलं, "वीज गेली तर?" पंखा थांबला की आत कोंडलेली हवा रुग्णालाच घातक. म्हणून दाब मोजणारा सेन्सर आणि बॅटरीवरचा बझर जोडला. त्यातला प्रोग्रॅम तेवढा माझा. समोरचा पडदा एका हाताने वर करता येईल असा ठेवला. एका रात्री खरंच वीज गेली. बझर वाजला, सिस्टर धावल्या, पडदा वर झाला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेल्या कुठल्याच प्रोग्रॅमचं मला एवढं समाधान वाटलं नाही.

सर, आठवीत तुम्ही माझी प्रयोगवही परत केली होती. मी अनुमान आधी लिहून निरीक्षण त्याला जुळवलं होतं. तेव्हा तुमचा फार राग आला होता. आज सगळ्यांसमक्ष तो मागे घेते.